तालुक्याच्या सीमा शेवटी काढाव्यात

भूगोलाच्या पदवी वर्गात प्रादेशिक अभ्यासाचा प्रकल्प दिला की काम ठरल्या वाटेने सुरू होते. जिल्ह्याचा आराखडा ट्रेस करायचा, त्यात तालुक्यांच्या सीमा भरायच्या, जनगणनेचे आणि पावसाचे आकडे मिळवायचे आणि क्षेत्रघनी पद्धतीने फिकट-गडद छटा द्यायच्या. नकाशा नेटका होतो, गुणही बरे पडतात. माझे म्हणणे असे की, या पद्धतीत अभ्यासातला मुख्य प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघालेला असतो. प्रदेश कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कशावरून, हे विद्यार्थ्याने शोधायचे असते. इथे ते महसूल खात्याने त्याला आयते दिलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यात ही आयती चौकट फारच दिशाभूल करते. 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेला भीमा. पारनेर-नगरच्या पठारावरून या दोन खोऱ्यांमधला जलविभाजक जातो. प्रवरा आणि मुळा गोदावरीकडे वाहतात, तर नगर शहराजवळ उगम पावणारी सीना दक्षिणेला भीमेकडे. हा एक प्रदेश आहे असे भूगोलाने कधी म्हटलेले नाही. ते प्रशासनाने म्हटले आहे.

अकोले तालुका जवळून पाहू. पश्चिमेला 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला काही वर्षी पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथून प्रवरेच्या काठाने खाली अकोले गावापर्यंत यावे, तर तोच पाऊस पाचव्या हिश्श्यावरही राहत नाही. भात, नागली, वरई मागे पडतात. बाजरी, कांदा आणि पाटपाण्यावरचा ऊस दिसू लागतो. 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर हा बदल बोट ठेवून दाखवता येतो. घाटमाथ्याच्या कड्यावर वीस-वीस मीटरच्या तपकिरी समोच्च रेषा इतक्या दाटतात की त्या वेगळ्या मोजता येत नाहीत. पूर्वेला सरकावे तसतशा त्या एकमेकींपासून दूर होत जातात. भारतीय सर्वेक्षण विभाग कोरड्या ओढ्यांना काळी रेघ देतो आणि पाणी टिकणाऱ्या प्रवाहाला निळा रंग. काळे कुठे निळे होते आणि का, एवढा एक प्रश्न घेऊन विद्यार्थी नकाशासमोर बसला, तरी धरण, झरे, खडकाची जात आणि पाऊस हे सगळे ओघाने येते. क्षेत्रघनी नकाशात मात्र अख्ख्या अकोल्याला एक सरासरी आणि एकच छटा मिळते. ती घाटघरला लागू पडत नाही आणि अकोले गावालाही नाही.

संगमनेरची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे फरक पावसापेक्षा पाण्याच्या वाटपाचा आहे. प्रवरेच्या दोन्ही तीरांवर भंडारदऱ्याचे पाणी खेळते. हे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांवर उसाचा पट्टा उभा राहिला. बाळेश्वराच्या डोंगररांगेपलीकडचा साकूर-घारगावकडचा भाग त्याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणारा. लोक त्याला पठार भाग म्हणून वेगळा ओळखतात. अकोल्याच्या पश्चिमेला डांगाण म्हणतात, गोदाकाठाला गंगथडी. या विभागण्या कुणी शास्त्र म्हणून केलेल्या नाहीत, पण पीक, पाणी, बाजार आणि सोयरीक यांच्या अनुभवातून आल्या आहेत आणि सरकारी सीमेपेक्षा जमिनीशी जास्त इमान राखून आहेत. शिवाय पाण्याला जिल्ह्याची वेसही ठाऊक नाही. कोपरगाव-राहात्याला गोदावरीचे कालवे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरहून येतात. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतला कुकडीचे पाणी मिळते आणि त्याची धरणे पुणे जिल्ह्यात आहेत. उलट जायकवाडीचा फुगवटा शेवगाव-नेवाशात पसरलेला, आणि टंचाईच्या वर्षी मुळा-भंडारदऱ्यातून तिकडे पाणी सोडण्यावरून वाद पेटतो. आराखड्याबाहेरचे सगळे कोरे ठेवणाऱ्या नकाशावर या वादाची कारणे दिसणारच नाहीत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. आकडेवारी तालुक्याची मिळते, योजना तालुक्याच्या असतात, विद्यार्थ्याला उद्या स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा सरकारी कचेरीत काम करायचे आहे. त्याला ती चौकट यायलाच हवी. यायला हवी, हे मान्य. पण जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार माहिती असते. पैसेवारी गावाची लागते. अतिवृष्टी धरायची ती महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर. म्हणजे लहान एकक हाताशी आहे. ते घेऊन गावांची पुन्हा जुळणी खोऱ्याप्रमाणे, उंचीप्रमाणे, कालव्याच्या लाभक्षेत्राप्रमाणे करता येते. कष्ट जास्त आहेत, अशक्य काही नाही. आणि पर्जन्यमापक मंडळाच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्याची भरपाई कशी हुकते, हे ज्याने नकाशावर स्वतः तपासले आहे, तोच उद्या कचेरीत बसून ती चूक ओळखेल.

दुसरा आक्षेप तंत्राचा. क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते, उपग्रहाच्या प्रतिमा 'भुवन'वर आहेत, 2021 पासून नकाशांवरची बंधनेही बरीच सैल झाली. मग हाताने समपर्जन्य रेषा काढायला लावण्यात वेळ का घालवायचा? सॉफ्टवेअर शिकवलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण केवळ अंतराच्या हिशेबाने अंदाज बांधणारी त्यातली सोपी पद्धत वापरली की प्रत्येक पर्जन्यमापकाभोवती गोल वर्तुळे उमटतात. मधे सह्याद्रीची धार आहे, ढग तिच्या पश्चिमेला रिकामे होतात, हे त्या गणिताला ठाऊक नसते. समोच्च रेषांचा कागद खाली ठेवून हाताने समपर्जन्य रेषा काढणारा विद्यार्थी घाटमाथ्याशी रेषा दाट करतो आणि पूर्वेला मोकळ्या सोडतो, कारण त्याला कारण समजलेले असते. उंचीचा विचार करणाऱ्या पद्धती संगणकातही आहेत. त्यांतली कोणती निवडायची आणि उत्तर पटण्याजोगे आहे का, हे ठरवणारी नजर मात्र आधी हातातून तयार होते, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी शंका सहकाऱ्यांची असते: प्रत्येकाने आपापली सीमा काढली तर तपासायचे काय? तर्क तपासायचा. पावसाने काढलेली रेषा आणि सिंचनाने काढलेली रेषा जुळणार नाहीत. त्या का जुळत नाहीत, हेच उत्तराचे सार आहे. कुठे सीमा ही रेषा नसून दहा-बारा किलोमीटरचा संक्रमणपट्टा आहे, हे दाखवणाऱ्याला मी जास्त गुण देईन. सी. डी. देशपांडे यांनी 1948 साली पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल इंग्रजीत लिहिला, तेव्हापासून ही शिस्त आपल्याकडे आहे. ती प्रकल्पाच्या वहीतून निसटली आहे. गंमत म्हणजे विद्यापीठाबाहेर ती टिकली. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे पाणलोट धरून कामे झाली. हिवरे बाजार तर पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. ओढ्याचे पाणी गट नंबरांच्या बांधांवरून कसे उतरते, हे नकाशावर पाहिल्याशिवाय समतल चर आणि बंधारे योग्य जागी पडत नाहीत.

म्हणून माझी भूगोलाच्या शिक्षकांना विनंती आहे. यंदाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांना जिल्ह्याचा छापील आराखडा देऊ नका. 47 ई आणि 47 आय या पत्रकांचे भाग द्या, गाववार आकडे द्या आणि एक दिवस प्रवरेच्या काठाने भंडारदऱ्यापासून प्रवरासंगमापर्यंत न्या. प्रदेशाची सीमा त्यांना काढू द्या, वर्गासमोर तिची बाजू मांडू द्या. तालुक्यांच्या रेषा त्यावर सर्वांत शेवटी, पेन्सिलने काढायला सांगा.