कोणाच्या डोळ्यांनी?

वास्तववाद शिकवताना यथार्थदर्शनाचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. समांतर रेषा दूर जाता जाता एका बिंदूत मिळतात, सपाट भिंतीत खोली उघडते आणि चित्र खरे वाटू लागते; वास्तववादी कादंबरीही हेच करते, असे विद्यार्थ्यांस सांगितले जाते. आम्हांस हा दाखला अपुरा वाटतो.

मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहातील लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ (सुमारे १४९५–१४९८) पाहावे. छताच्या चौकटी, दोन्ही भिंतींवरील पडदे, साऱ्यांच्या कडा येशूच्या कानशिलापाशी एकवटतात. तिथे खिळ्याचे छिद्रही आहे. त्या खिळ्याला दोरी बांधून रेषा आखल्या असणार. गणित चोख आहे. परंतु हा लोपबिंदू जमिनीपासून सुमारे ४.५ मीटर उंचीवर येतो, आणि नियमानुसार पाहणाऱ्याचा डोळाही तितक्याच उंचीवर हवा! खाली जेवायला बसणाऱ्या साधूंपैकी एकाचाही डोळा तिथे पोहोचणारा नव्हता. (१६५२ मध्ये भिंतीत दार पाडताना येशूचे पाय गेले, ती कथा वेगळी.)

ही नजरचूक म्हणावी, तर फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोने सुमारे १४२७ मध्येच ‘पवित्र त्रैक्य’ या भित्तिचित्रात लोपबिंदू क्रुसाच्या पायथ्याखाली, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला होता. तेथील कमान आपण खालून पाहतो. सर्वांत वरचा परमपिता मात्र समोरून पाहिल्यासारखा दिसतो. वास्तूला लावलेला नियम देवाला लावलेला नाही.

तेव्हा ‘हुबेहूब’ या शब्दाने यथार्थदर्शनाचा उलगडा होत नाही. चित्रकार आपल्याला एक जागा नेमून देतो; मासाच्चो ती जमिनीवर देतो, लिओनार्दो अधांतरी. लिओनार्दोच्या चित्रापुढे उभे राहिलेल्याला आपण जरा वर उचलले गेल्यासारखे वाटते, असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांस ते पटण्याजोगे वाटते.

कादंबरीच्या निवेदकाविषयीही हे विचारता येईल. त्याला किती दिसते, हे परीक्षेत नेहमी विचारतात. त्याने वाचकाला कुठे उभे केले आहे आणि त्या जागी एखादा माणूस खरोखर उभा राहू शकला असता का, हा प्रश्न आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.