बुधवारची वही

मिरजेच्या रेल्वे वसाहतीतील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, दर बुधवारी रात्री आठच्या ठोक्याला रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींचा तो आर्जवी, हसरा आवाज उमटण्यापूर्वीच मी शंभर पानी वही आणि टोक काढलेली शिसपेन्सिल घेऊन जमिनीवर बैठक मारून सज्ज असे. सतारमेकर गल्लीत जेथे तंबोऱ्याच्या भोपळ्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या पारखी हातांनी होत आली, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात जेथे थोर गवई येऊन हजेरी लावीत, त्या गावात चित्रपटगीतांची क्रमवारी टिपून ठेवणाऱ्या मुलाकडे वडीलधाऱ्यांनी किंचित नापसंतीने पाहावे हे स्वाभाविकच होते. तथापि माझ्या वहीला दोन रकाने होते. डावीकडे बिनाका गीतमालेने त्या आठवड्यात दिलेला क्रम आणि उजवीकडे, त्याच गाण्यांचा, मी स्वतः लावलेला क्रम. आणि या दोहोंत तफावत पडली म्हणजे मला जी अस्वस्थता वाटे, तीच माझ्या रसिकतेची पहिली शिकवण होय, असे मी आज पूर्ण विचारांती म्हणतो.

गीतमालेचा जन्मच एका तफावतीतून झाला होता. 1952 साली नभोवाणी खात्याचा कारभार हाती आलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी, जे जन्माने पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत कैवारी होते, आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली, आणि त्याच वर्षाअखेरीस समुद्रापलीकडून, कोलंबोहून, ती गाणी दुप्पट जोमाने देशात परत आली. आरंभी या कार्यक्रमात सात गाणी कोणत्याही अनुक्रमाविना वाजवीत आणि लोकप्रियतेच्या दृष्टीने त्यांचा क्रम कसा लागेल हे श्रोत्यांनी पत्राने कळवायचे असे. पुढे तो क्रम रेकॉर्डविक्रीच्या आकड्यांवरून आणि श्रोता संघांच्या कौलावरून खुद्द कार्यक्रमच सांगू लागला. मला ती पहिली पद्धत, जी माझ्या जन्मापूर्वीच बंद झाली होती, नेहमीच अधिक न्याय्य वाटत आली आहे, कारण तिच्यात गाणे ऐकणाऱ्याला केवळ निकाल ऐकावा लागत नसे, तर स्वतःची साक्ष नोंदवावी लागे.

1999 साली मी नोकरीनिमित्त मेलबर्नला आलो तेव्हा ती वही मिरजेच्या ट्रंकेत राहिली. आम्ही क्लेटन या उपनगरात भाड्याचे घर घेतले होते. शेजारी एक ग्रीक वंशाचे कुटुंब राहत असे. जानेवारीतील उन्हाने गवत वाळून पिवळे पडलेले, माश्यांनी माणूस हैराण झालेला, अशा पुढच्या वर्षीच्या 26 जानेवारीच्या दुपारी, म्हणजे आपल्या प्रजासत्ताक दिनी, शेजारच्या परसात बार्बेक्यूचा धूर निघत होता आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या रेडिओवर गाणी वाजत होती. प्रत्येक गाण्याआधी एक आकडा उच्चारला जाई आणि परसातील तरुण मंडळी त्या आकड्यावर आरोळी ठोकीत किंवा हळहळत. आकडे उतरत्या क्रमाने येत होते. कुंपणाशी उभा राहून मी विचारले तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितले की ही 'हॉटेस्ट 100' आहे, सरत्या वर्षातील सर्वोत्तम शंभर गाण्यांची, लोकांच्या मतांनी ठरलेली यादी, आणि आता रात्रीपर्यंत कोणी येथून हलणार नाही. त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर ब्रिस्बेनच्या पाउडरफिंगर या वाद्यवृंदाचे 'दीज डेज' हे गाणे आले. मला ते तेव्हा कळले नाही, आवडलेही नाही. परंतु घरात येऊन दिनदर्शिका पाहिली, तो वार बुधवार होता, हे मात्र माझ्या मनात कायमचे कोरले गेले.

ही यादी 'ट्रिपल जे' या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या तरुणांच्या नभोवाणी केंद्राची. सिडनीत 19 जानेवारी 1975 रोजी 'डबल जे' या नावाने ते सुरू झाले आणि पहिलेच गाणे त्यांनी असे लावले की जे अन्य केंद्रांनी वाजविण्यास मनाई केली होती. शंभर गाण्यांची प्रथा 1989 साली पडली. तेव्हा आजवरची कोणतीही गाणी निवडता येत असत, म्हणून लागोपाठ दोन वर्षे एकच जुने गाणे अग्रस्थानी आले, आणि 1993 पासून केवळ त्या वर्षीच्या गाण्यांपुरते मतदान मर्यादित करण्यात आले. अलीकडच्या वर्षांत वीस लाखांहून अधिक मते पडतात. या साऱ्या व्यवहारातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील असा की प्रत्येक मतदाराला फक्त दहा गाणी निवडता येतात आणि त्या दहांमध्ये क्रम लावता येत नाही. व्यक्तीने निवड करावी व समाजाने क्रम लावावा, अशी ही विभागणी आहे. आणि ज्याने कधी दहाच जागा असताना अकराव्या गाण्याला निरोप दिला असेल, त्यालाच ठाऊक की निवडीचे ओझे क्रम लावण्याच्या ओझ्यापेक्षा जड असते.

पुढे कित्येक वर्षे मी मत दिले नाही. त्यास आळस कारणीभूत नव्हता. परदेशात येऊन राहिलेल्या माणसाची वही बहुधा गाव सोडल्याच्या तारखेला बंद होते. मेलबर्नमधील आपल्या मंडळींच्या कोजागरीला किंवा दिवाळीच्या मेळाव्याला कोण कोणती गाणी गातो यावरून तो कोणत्या साली विमानात बसला हे निश्चित सांगता येते, इतकी ती तारीख त्या गाण्यांवर टपाल खात्याच्या शिक्क्यासारखी उमटलेली असते. सुधीर फडके आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या गाण्यांना आमच्या घरी जो मान आहे तो कमी व्हावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्या शहरात माणूस कर भरतो, ज्याच्या इस्पितळात त्याची मुले जन्मतात, त्या शहराच्या चालू वर्षातील एकही गाणे ज्याच्या यादीत नाही तो माणूस तेथे वस्तीला असला तरी रहिवासी झालेला नसतो, या निष्कर्षाप्रत मी हळूहळू, आणि काहीशा दुःखानेच, आलो.

त्या तारखेविषयीही येथे लिहिले पाहिजे. 26 जानेवारी 1788 रोजी ब्रिटिश गलबतांचा पहिला तांडा सिडनीच्या खाडीत उतरला, म्हणून तो दिवस येथे राष्ट्रीय सण मानतात; येथील आदिम रहिवाशांनी मात्र 1938 साली, त्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, तोच दिवस शोकदिन म्हणून पाळला. आपल्याकडे लाहोरच्या अधिवेशनातील ठरावानुसार 26 जानेवारी 1930 रोजी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली आणि पुढे त्याच तारखेला राज्यघटना अमलात आली. म्हणजे ज्या तिथीला एका भूमीवर साम्राज्याने पाऊल ठेवले त्याच तिथीला दुसऱ्या भूमीने ते पाऊल झुगारण्याची शपथ वाहिली, आणि मी त्या दोन्ही भूमींचा ऋणी. मेलबर्नच्या घड्याळाप्रमाणे दिल्लीचे संचलन तेव्हा दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास सुरू होई; तेव्हा यादी अर्ध्यावर आलेली असे आणि एका कानाने बँडचे सूर, दुसऱ्या कानाने आकडे, अशी माझी अनेक वर्षे गेली. 2017 च्या मोजणीत ए. बी. ओरिजिनल या आदिवासी जोडीचे, हीच तारीख बदला असे बजावणारे आणि तारखेचेच नाव धारण करणारे गाणे सोळाव्या क्रमांकावर आले, त्याच तारखेला, त्याच मोजणीत. त्यानंतर श्रोत्यांचा कौल घेऊन केंद्राने यादी जानेवारीच्या चौथ्या शनिवार-रविवारकडे हलविली आणि 2018 ची मोजणी 27 तारखेला झाली. माझ्या दुपारी जुळून आलेला योग त्यामुळे मोडला. तरीही तो निर्णय उचित होता, यात मला तिळमात्र शंका नाही.

माझ्या कन्येचा जन्म येथलाच, 2000 सालचा. ती बोलू लागली ती मराठीतून, परंतु नाचू लागली ती 'द विगल्स' या, रंगीत सदरे घालून बालगीते गाणाऱ्या मंडळाच्या तालावर. ते मंडळ 1991 साली स्थापन झाले आणि त्यांच्या गाण्यांवर या देशातील एक संपूर्ण पिढी वाढली. जानेवारी 2022 मध्ये आम्ही बापलेक यादी ऐकत बसलो होतो. पहिल्या क्रमांकावर कोण, तर तेच विगल्स! 'लाइक अ व्हर्जन' या दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने गाण्याच्या उपक्रमात त्यांनी टेम इम्पालाचे 'एलिफंट' गायिले होते आणि त्या उपक्रमातील गाण्याला अग्रस्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. काही जाणकारांनी याला पोरखेळ म्हटले. मी म्हणतो, ती कृतज्ञता होती. मतदानाचा हक्क मिळालेल्या मुलांनी ज्यांनी आपल्याला ताल शिकविला त्यांना सर्वोच्च आसनावर बसविले, आणि माझी मुलगी रडली. तिने आपल्या दहांत त्यांना घेतले होते. माझे मत तेव्हाही पडलेले नव्हते, आणि 'बाबा, तुमचे दहा कोणते?' या तिच्या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मी 2025 च्या जुलैत दिले, जेव्हा याच केंद्राने केवळ ऑस्ट्रेलियन गाण्यांची, सर्व काळातील, अशी स्वतंत्र यादी मागविली. तीत अग्रमान इनएक्सेस या वाद्यवृंदाच्या 'नेव्हर टेअर अस अपार्ट' या गाण्याला मिळाला, आणि ते माझ्या यादीत नव्हते. क्रम लावण्याची मुभा असती तर मी निःसंकोच पहिला मान दिला असता पॉल केली आणि केव्ह कारमोडी यांच्या 'फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो' या कथागीताला. 1966 साली वेव्ह हिल येथील गुरिंदजी जमातीच्या गुराख्यांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले, वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले, आणि 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तेथे येऊन लिंगियारींच्या तळहातावर माती ओतली; तो सारा प्रसंग हे गीत कडव्यामागून कडवे, शाहिराच्या धिम्या निश्चयाने सांगत जाते. अमर शेखांचा पोवाडा ज्याने ऐकला आहे त्याला हे गीत परके वाटणे शक्य नाही. दुसरे नाव मी घातले गुरुमुल या जन्मांध गायकाचे, जो आपल्या योल्ङू भाषेत गात असे. त्यातील एक शब्दही मला उमगत नाही, परंतु त्या आवाजातील विराम मला भजनातील विरामाइतका परिचयाचा वाटतो. बाकीच्या आठांत पाउडरफिंगरचे 'दीज डेज' होते. पंचवीस वर्षांनी का होईना, ते मला कळले होते.

दूरचित्रवाणीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे माझे मत ठाम आहे. माझ्या यादीत प्रथम 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया', 1990 पासून चालत आलेला, शुक्रवारी संध्याकाळचा, दाढीधारी कॉस्टा जॉर्जियाडिस यांचा बागकामाचा कार्यक्रम. आषाढात येथे थंडीचा कडाका असतो आणि माघात आंबे पिकतात, या उलट्या ऋतुचक्रात कढीलिंबाचे रोप मेलबर्नच्या हिवाळ्यातून कसे वाचवावे यासारख्या माझ्या अडचणींची उकल मला तेथल्याच शिकवणीतून झाली. दुसरा क्रमांक 'ब्लूई' या, ब्रिस्बेनमध्ये तयार होणाऱ्या, निळ्या श्वानकन्येच्या चित्रमालेला. सात मिनिटांच्या एका भागात बाप आपल्या मुलींशी मन लावून खेळतो, इतकेच त्यात घडते, आणि घरात लहान मूल नसतानाही मी ते पाहतो. 'मास्टरशेफ'ला मी तिसरा क्रमांक देतो. स्वयंपाक घड्याळाशी झुंजून करावा हे मला मान्य नाही. परंतु 2021 च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या मेलबर्नमध्येच जन्मलेल्या बंगाली स्त्रीने पांता भात, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला गरिबांचा भात, परीक्षकांपुढे निर्भयपणे ठेवला, त्या एका थाळीसाठी हा क्रमांक. स्पर्धेत ती स्वतःही तिसरीच आली. आमच्या आजीचा शिळा भात आणि कांदा आठवून माझे डोळे त्या रात्री भरून आले होते, आणि तिला पहिले स्थान मिळावयास हवे होते, असे मला आजही वाटते.

गेल्या वर्षी मिरजेला गेलो असता ट्रंकेतील वही मी बरोबर आणली. उजव्या रकान्यातील शेवटची नोंद मध्येच तुटलेली आहे. त्याखाली मी मेलबर्नची दहा नावे लिहून ठेवली. या शहरातील आणि या देशातील मराठी वाचकांना माझी विनंती आहे की येत्या डिसेंबरात मतदान खुले झाले म्हणजे मुलांना विचारून नव्हे, तर मुलांबरोबर बसून, वर्षभरातील गाणी ऐकावीत आणि आपले मत दाखल करावे. यादी दहांची आहे, आणि मुदत जानेवारीत संपते.