पासबुक कुणाच्या हातात?

पासबुक हातात घेऊन पानं उलटत गेलं, तर माणसाचं आयुष्य बऱ्यापैकी कळतं. आष्ट्यासारख्या गावात तर जास्तच. सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. उसाचं बिल कारखान्याला ऊस गेल्यावर येतं, तेही बऱ्याचदा हप्त्यांनी. आलं की आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं, मग खताची उधारी, मग किराणा, आणि उरलं तर घरचं कार्य. मिळकत अशी थांबत थांबत येते तिथं शिल्लक टाकल्याशिवाय वर्ष निभत नाही. म्हणून पैसा सांभाळण्याची कला पगारदाराच्या मुलापेक्षा इथल्या मुलामुलींना जास्त लागते. सरकार आता तरुणांच्या खात्यात पैसे घालू लागलं आहे, हे मनापासून स्वागत करण्यासारखं आहे. पण ते खातं चालवायला कोणी शिकवत नाही. पैसे आणि ते सांभाळण्याची शिकवण एकाच वेळी मिळाली नाही, तर या मदतीतलं बरंचसं वाया जाईल, असं माझं ठाम मत आहे.

आज जन्मलेल्या मुलीचंच पासबुक पाहू. घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर 'लेक लाडकी' योजनेतून जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार, असे एकूण 1 लाख 1 हजार रुपये तिला मिळायचे आहेत. आईवडिलांनी तिच्या वयाच्या दहा वर्षांच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडलं, तर वर्षाला 250 रुपये भरूनही ते चालू राहतं. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर तिला बँकेत स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्येच तशी मुभा दिली आहे. पुढं 2024 पासूनच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे महिना 6, 8 किंवा 10 हजार रुपये विद्यावेतन थेट खात्यात जमा होतं. म्हणजे जन्मापासून पहिल्या कमाईपर्यंत सरकार निदान पाच-सहा वेळा या पासबुकात डोकावतं. पण त्या प्रत्येक वेळी पासबुक असतं आईवडिलांच्या कपाटात. त्यात छापलेलं 'एसएमएस शुल्क' म्हणजे काय, किमान शिल्लक नव्हती म्हणून कापलेला दंड कोणता, व्याज कोणत्या महिन्यात पडलं, हे त्या मुलीला कोणी ओळीवर बोट ठेवून दाखवत नाही.

पैसे ठेवले पण सांगितलं नाही, तर काय होतं ते ब्रिटननं पाहिलं आहे. तिथं सप्टेंबर 2002 ते जानेवारी 2011 या काळात जन्मलेल्या मुलांच्या नावे सरकारी योजनेतून खाती निघाली, त्यांत सरकारनं बहुतेकांसाठी 250 पौंड आणि गरीब घरांसाठी त्याहून जास्त रक्कम घातली. मुलं अठरा वर्षांची झाली, तरी 2024 मध्ये सहा लाखांहून जास्त तरुणांनी आपले पैसे नेलेच नव्हते. त्यांतल्या कितीतरी जणांना खातं असल्याचंच ठाऊक नव्हतं. आपल्याकडेही दोन वर्षं व्यवहार झाला नाही की सामान्य बचत खातं निष्क्रिय ठरतं आणि दहा वर्षांनी त्यातली शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ती परत मागता येते, पण मागायची कशी हे ठाऊक असायला हवं. आणि पैसे हाती आले, पण पारख नसली, तर काय होतं हे पाहायला परदेशी जावं लागत नाही. 2019 मध्ये शेजारच्या इस्लामपुरातल्या एका कंपनीची कडकनाथ कोंबडीपालनाची योजना कोसळली आणि भरघोस परताव्याच्या आशेनं पैसे गुंतवलेले शेतकरी रस्त्यावर आले. एवढा परतावा कशातून येणार आणि कंपनी बुडाली तर माझ्या पैशाला जामीन कोण, हे दोन प्रश्न विचारायची सवय शाळेच्या वयातच लागायला हवी. बँकेतली 5 लाखांपर्यंतची ठेव विम्यानं सुरक्षित असते, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. पतसंस्थांच्या या मुलखात निदान एवढं तरी दहावीच्या मुलाला माहीत असावं.

यावर पहिला आक्षेप असा, की शिकवून सवयी बदलत नाहीत. तो पोकळ नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आर्थिक शिक्षणाचा वागण्यावर होणारा परिणाम नगण्य दिसला आणि तोही काळाबरोबर विरत गेला. ब्राझीलमध्ये सुमारे 900 शाळांत प्रयोग झाला, तिथं मुलांची बचत वाढली. पण महाग कर्जावर वस्तू घेण्याचं प्रमाणही वाढलं. यातून शिकवणं सोडून द्यावं असं निघत नाही. शिकवण व्यवहाराच्या वेळी द्यावी आणि बचतीइतकंच कर्जही शिकवावं, एवढंच निघतं. शाळांतल्या संचयिकेची कल्पना म्हणूनच शहाणपणाची होती: पैसे मुलांचे, वही मुलांनीच लिहायची, शिक्षकांनी फक्त देखरेख करायची. दुसरा आक्षेप, गरिबाकडे उरतंच काय? त्याचं उत्तर रोज संध्याकाळी बाजारपेठेत दिसतं. पिग्मी एजंट दुकानादुकानांतून, हातगाड्यांवरून फिरतो, कोणी दहा देतं, कोणी पन्नास, आणि हातातल्या मशीनमधून तेवढ्याची पावती निघते. 1928 मध्ये सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांपासून सुरू केलेली ही पद्धत आजही टिकली, कारण ती माणसाच्या दारात जाते. मात्र बचत ही कमाईची जागा घेऊ शकत नाही, हेही खरं. म्हणून तर सरकारचा वाटा हवा. तिसरा आक्षेप, हे काम आईवडिलांचं. पण राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत देशातली जेमतेम 27 टक्के माणसं आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरली. जे आईवडिलांनाच कोणी शिकवलं नाही, ते त्यांनी मुलांना कुठून द्यावं?

करायचं काम मोठं नाही. 'लेक लाडकी'चा सहावीचा हप्ता येईल तेव्हा मुलीला शाळेनं बँकेत न्यावं, तिनं स्वतः स्लिप भरावी, पासबुक छापून घ्यावं आणि प्रत्येक नोंद वाचून दाखवावी. अठराव्या वर्षी नवी सही आणि केवायसी देताना बँकेनं अर्धा तास कर्ज, व्याज, विमा आणि फसवणूक यांवर खर्चावा. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर करायची, हेही तेव्हाच सांगावं. पहिल्या विद्यावेतनाबरोबर आवर्ती ठेवीचा अर्ज पुढं करावा. याचा भार एकट्या शिक्षकांवर नको. गावातल्या बँका, पोस्ट आणि पतसंस्था यांनी तो वाटून घ्यावा, कारण उद्याचे ठेवीदार याच मुलांतून येणार आहेत. 'लेक लाडकी'च्या पहिल्या मुलींच्या हाती 75 हजार रुपये 2041 मध्ये पडतील आणि त्या साधारण 2029 मध्ये पहिलीत जातील. शिकवायला वेळ आहे, पण तो फार नाही. तुमच्या घरात दहा वर्षांवरचं मूल असेल, तर सरकारची वाट पाहू नका. त्याचं पासबुक आजच त्याच्या हातात द्या.