परातीतला कार्ब्युरेटर

दुचाकी घरात येणं हा आमच्या लहानपणी समारंभ असे आणि ती बंद पडणं हा नित्यक्रम. १९७२ साली बजाजची चेतक आली. फिरोदियांची लूनाही त्याच वर्षातली. पुढची वीसेक वर्षं मध्यमवर्गीय मराठी घर या दोघींभोवती फिरलं. पैसे घेऊन दुकानात गेलं आणि स्कूटर घेऊन आलं, असं तेव्हा होत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे, म्हणून अमेरिकेतल्या आतेभावाचं पत्र जरा जास्तच अगत्याने वाचलं जाई. एवढी नवसाची गाडी, पण तिला राहायला जागा नव्हती. चाळी, वाडे, जुन्या सोसायट्या बांधताना माणसं कशीबशी मावतील एवढंच पाहिलेलं. गाडी मग जिन्याखाली, नाहीतर संडासाच्या भिंतीलगत, नाहीतर निंबाखाली. दुरुस्तीही तिथेच, उघड्यावर.

गॅरेजं नव्हती असं नाही. पण तिथवर गाडी ढकलत न्यावी लागे, सुट्टीच्या दिवशी ती बंद असत, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर मेकॅनिक परवडत नसे. शिवाय कचेरीत, बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या आमच्या वडलांच्या पिढीला आपली गाडी आपल्याला खोलता येत नाही याची लाज वाटे. शिकवलं कुणी नव्हतं. शेजारच्या काकांचं बघून वडील शिकले, वडलांचं बघून तिसऱ्या मजल्यावरचे.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जूनचा पहिला पाऊस आणि गाडीचा पहिला संप बहुधा एकाच सकाळी. त्या टू-स्ट्रोक इंजिनांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजावं लागे. ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी प्लगच्या दोन टोकांत बसते आणि ठिणगी पडेनाशी होते. यालाच प्लगमध्ये कचरा येणं म्हणत. पावसात त्यात भर म्हणजे प्लगच्या टोपीत पाणी शिरे आणि करंट बाहेरच्या बाहेर पळे. दप्तरं सांभाळत आडोशाला उभी असलेली आम्ही मुलं पुढचा क्रम तोंडपाठ म्हणू शकत होतो. पेट्रोलचा कॉक बघायचा. चोक ओढायचा. गाडी अंगाकडे कलती करून धरायची, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. मग किक. मग आणखी किक. मग रेनकोट काढून किक, कारण रेनकोटच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त पाणी झालेलं असे. एवढ्यावर भागलं नाही की प्लगपाना निघे.

प्लग पुसायचा, पॉलिश पेपरने घासायचा, मग गॅप बघायची. गॅप मोजायची पट्टी आमच्या आळीत कोणाकडेही नव्हती. लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं दोन टोकांमधून घसटत सरकलं की झालं. ते पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं आणि प्लगलाही जवळपास तेवढीच गॅप लागते, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. वडलांना ते कोणी सांगितलं होतं कोण जाणे. प्लग फारच भिजला असेल तर घरात नेऊन चिमट्यात धरून स्टोव्हवर भाजत. तेवढा वेळ चहाचं आधण खाली उतरे.

मग रविवार. कार्ब्युरेटर उतरवायचा तर सुटे भाग ठेवायला काहीतरी हवं. वर्तमानपत्र पावसात टिकत नाही, आणि फरशीवर ठेवलेला स्क्रू गटारात जाण्यासाठीच जन्माला आलेला असतो. म्हणून परात. काठ उंच, आतलं घरंगळत नाही, आणि सर आलीच तर उचलून जिन्याखाली नेता येते. ‘अहो, त्यात उद्या कणीक भिजवायचीय!’ हे वाक्य आमच्या सगळ्या इमारतीत सगळ्या मजल्यांवरून ऐकू आलेलं आहे. शेवटी प्रत्येक घरात एकेक पोचा आलेली परात स्वयंपाकघरातून कायमची निवृत्त झाली. त्या परातीत रॉकेल ओतून, दात घासायच्या जुन्या ब्रशने पितळेची जेट, तरंगणारा फ्लोट, त्याची सुई असं सगळं धुतलं जाई. जेटचं भोक इतकं बारीक की त्यात मुंगीच्या डोक्याएवढा कचरा अडकला तरी गाडी अडे. तार घालून ते साफ करणारा माणूस अडाणी समजला जाई, कारण पितळ मऊ, भोक मोठं होतं, आणि मग गाडी पेट्रोल पीत सुटते. जेट तोंडाला लावून फुंकायची. पेट्रोलची चव आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि ती आवडायची हे कबूल करणारेही काही भेटतील.

या सगळ्यात छत्री कोण धरे, हे फोटोत कधी आलेलं नाही. छत्री आई धरे. नियम असा की छत्री इंजिनावर, माणसावर नाही. दुसऱ्या हातात बॅटरी. वडील तावातावाने खोलत जात, काय कुठून निघालं ते बघत नसत. आई बघत असे. सगळं जोडून झाल्यावर परातीत एक वायसर उरलेलं असेच, आणि वडील ते डब्यात टाकून ‘कंपनी जास्तीचं देते’ असं म्हणायच्या आत ती म्हणे, ‘ते त्या स्प्रिंगच्या खाली होतं.’ पुन्हा सगळं खोलायचं. पुढे पुढे तर ती ओट्याशी उभी राहून सांगे, ‘आज आवाज फाटका येतोय, सायलेन्सर बघा.’ तिला कोणी मेकॅनिक म्हटलं नाही. गाडी सुरू झाली की शाबासकी किक मारणाऱ्याला.

माझी आत्या शाळेत शिकवायची. तिच्याकडे लूना होती. लूनाचा मोठेपणा असा की तिला पेडलं होती. इंजिनाने मान टाकली तर सायकलसारखी मारत घरी यायचं. चेन उतरली की आत्या पदर खोचून रस्त्याच्या कडेला बसे आणि बाभळीच्या काटकीने ती चढवी. मदतीला आलेल्या पुरुषांना ती वर न बघता ‘झालंय’ म्हणे.

पाऊस सरला की सायलेन्सर जाळायचा कार्यक्रम. वर्षभर न जळलेल्या ऑइलचा काळा थर आत साचून वाट अरुंद होते, मग गाडी ओढत नाही. चढावर मागच्याला उतरून चालावं लागतं. हा मागचा म्हणजे बहुतेकदा आई. सायलेन्सर उतरवायचा, त्याचे बोल्ट गंजलेले असल्याने आदल्या रात्री त्यांना रॉकेल पाजायचं, तरी त्यातला एक तुटायचाच किंवा त्याचे आटे जायचे. मग मोकळ्या जागेत पालापाचोळा, नारळाच्या झावळ्या पेटवून त्यात तो ठेवायचा. आतला कार्बन पेट घेई आणि दोन्ही तोंडांतून पिवळा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघे. लाल झालेला सायलेन्सर निवला की लाकडी ठोकळ्याने ठोकायचा, आतून कोळशाच्या खपल्या पडत. एकाचा पेटलाय म्हटल्यावर बाकीचेही आपापले घेऊन खाली येत, आणि वाळत घातलेले कपडे काढायला बायकांची धावपळ उडे. डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत ज्यांना ज्यांना मी हे विचारलं, त्यांच्याकडे याच धुराची गोष्ट आहे.

घाटात मात्र परातही नसे आणि शेजारचे काकाही. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मुंबई-पुणे म्हणजे खंडाळ्याचा जुना घाट, आणि नाशिकला जायचं तर कसारा. मे महिन्यात चढावर फियाट गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या. शहाणा माणूस रेडिएटरचं झाकण लगेच उघडत नसे, ओलं फडकं टाकून थांबत असे. घाईच्या माणसाचा हात भाजे. पावसात धुक्यात ट्रक बंद पडला तर क्लीनर आधी चाकामागे दगड लावी आणि मग झाडाची फांदी तोडून मागे रस्त्यावर टाके, येणाऱ्याला इशारा म्हणून. दुरुस्ती झाली की ट्रक जाई, दगड तिथेच. त्या दगडांवर रात्री आदळलेल्या स्कूटरवाल्यांची संख्या कोणी मोजली नाही, पण आमच्या ओळखीत काही हात प्लास्टरमध्ये गेले.

कसाऱ्यात क्लचची तार तुटली तर? तरी वडील गाडी घरी आणत. उतारावर गाडी सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा, आणि नंतर मूठ हलकी करून अंदाजाने वरचा गिअर ओढायचा. थांबायचं मात्र नाही, आणि फाटक बंद असेल तर देवाचं नाव घ्यायचं. पेट्रोलच्या टाकीला बारीक छिद्र पडलं तर अंगाचा साबण चोळून बुजवायचं; साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. त्या मानाने पंक्चर ही सोपी गोष्ट. स्कूटरच्या रिमचे दोन भाग नटांनी जोडलेले असत, ते सोडवले की टायर अलगद निघे, आणि पुढचं चाक मागे, मागचं पुढे बसे. ज्याने कोणी ते योजलं, त्याने उघड्यावर, एका पान्याने काम करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला असणार.

हे सगळं आठवताना मजा येते, पण तेव्हा प्रत्येक वेळी मजा नव्हती. तार तुटली की वडलांचा राग आमच्यावर निघे, कारण तारेवर काढता येत नव्हता. परीक्षेच्या दिवशी उशीर झाला. गरम सायलेन्सरचे डाग कित्येकांच्या पोटरीवर अजून आहेत. आणि टू-स्ट्रोक गाड्यांचा तो निळा धूर आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं छातीत भरून घेतला. २००० साली धुराचे नियम कडक झाले, फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, बटण दाबून सुरू होऊ लागल्या, आणि टू-स्ट्रोक हळूहळू मावळली. गेली ते बरंच झालं, असं माझं मत आहे. ते वडलांना पटत नाही. आजच्या गाडीचं झाकण उघडलं तर आत आणखी एक झाकण दिसतं, असं ते म्हणतात.

त्यांच्या हत्यारांची वाटणी झाली. प्लगपाना कोणी नेला ते आठवत नाही. दहा-अकराचा धाकट्या भावाकडे. बारा-तेराचा पाना आईने स्वतःकडे ठेवून घेतला, गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीचे नट आवळायला लागतो म्हणून. कोणी मागायला गेलं तर ‘परत कुठे ठेवणार ते आधी सांग’ म्हणते, आणि उत्तर पटल्याशिवाय देत नाही.