माळव्यावरून सव्वा तास

ग्वाल्हेरला दिलेल्या लेकी हा इंदूरच्या मराठी घरांतील जुना जिव्हाळ्याचा विषय. होळकर आणि शिंदे यांच्या या दोन राजधान्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी जुळत आल्या. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी ही आग्रा रस्त्यावरची गावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकापेक्षा आत्याच्या तोंडूनच पाठ केली. ही तिची माहेरची वाट.

यंदा आम्ही उभयतां तिच्या भेटीस प्रथमच विमानाने गेलो. निघण्यापूर्वी नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. दोन्ही विमानतळांतले सरळ अंतर सुमारे ४७० किलोमीटर भरते, तर रस्त्याने ते ५०० च्या आसपास आहे. म्हणजे विमानाने अंतर फारसे वाचत नाही. वाचतो तो वेळ. पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. धावपट्टीवरची ये-जा, चढणे आणि उतरणे धरून सव्वा तास लागतो. मोटारीला नऊ-दहा तास हवेत.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, तर ग्वाल्हेर सुमारे २०० मीटर. काळी सिंध आणि पार्वती या नद्या माळव्याचे पठार उतरून उत्तरेस चंबळेकडे जातात. आम्हीही त्यांच्याच दिशेने चाललो होतो. इंदूरच्या विमानतळास देवी अहिल्याबाईंचे नाव, ग्वाल्हेरच्या विमानतळास राजमाता विजयाराजे शिंदे यांचे. एक चौंडीच्या, दुसऱ्या सागरच्या. दोघीही या घराण्यांत सुना होऊन आल्या. ग्वाल्हेरच्या २०२४ साली सुरू झालेल्या नव्या इमारतीतून बाहेर पडताना हे ध्यानी आले, आणि आत्याची आठवण अधिकच दाटली.

लष्करातल्या घरी पोचताच तिने पहिला प्रश्न केला, "किती वेळ लागला रे?"

"सव्वा तास, आत्या."

ती क्षणभर गप्प राहिली. १९७४ साली आजीच्या आजाराची तार आली, तेव्हा ती रात्रीच्या मोटारीने निघाली होती. सकाळी दारात उतरली, तेव्हा सारे आटोपले होते.

"तेव्हा सव्वा तास असता, तर आईचं तोंड दिसलं असतं," ती म्हणाली.

घरापासून घरापर्यंत आम्हाला पाच तास लागले होते, हे आम्ही सांगितले नाही. विमान आपल्या ठरल्या वेळेस निघते, माणसाच्या दुखण्याची वेळ पाहून निघत नाही, हेही बोललो नाही. तिचा सव्वा तास तिच्यापाशीच राहू दिला.

निघताना तिने गजकाचा पुडा हाती दिला. मग चष्मा लावून विमानाची वेळ विचारली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवली.

"असू दे," ती म्हणाली. "अजून माहेरी दादा आहे."