मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरील पाणमांजरें

कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे उपसागराच्या कांठीं मॉस लँडिंग हें लहानसें बंदर आहे. समुद्रांतील पाणमांजरें पाहण्यासाठीं तेथून आम्हीं एल्कहॉर्न खाडींत नाव घातली. तीं पाण्यावर उताणीं तरंगत होतीं. एक छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला फोडीत होतें, तर एका मादीच्या पोटावर पिलूं निजलें होतें.

या प्राण्याच्या अंगीं देवमाशाप्रमाणें चरबीचा थर नसतो. थंडीपासून त्याचा बचाव होतो तो दाट लोकरीनें. त्याच लोकरीपायीं त्याची इतकी शिकार झाली, कीं या किनाऱ्यावरून तो नाहींसाच झाला असें लोक समजत. १९३८ सालीं बिग सूरजवळ एक छोटा कळप दृष्टीस पडला. आजचीं सुमारें ३,००० पाणमांजरें त्या उरलेल्यांचीच संतति होत.

ऊब टिकविण्यासाठीं पाणमांजराला रोज आपल्या वजनाच्या चतुर्थांशाइतकें अन्न लागतें. नाव जवळ नेली, कीं तें दचकून बुडी मारतें आणि कष्टानें मिळविलेली शक्ति व्यर्थ जाते. म्हणून निदान ६० फूट अंतर राखावें, असा तेथील दंडक आहे. त्यानें मान वर करून आपल्याकडे पाहिलें, तर आपण फार जवळ आलों असें समजावें. आम्हीं वल्हीं आवरलीं व दुर्बीण काढली. पाहुण्यानें यजमानाची झोंप मोडूं नये, हा शिष्टाचार समुद्रावरही पाळावयास हवा.