हाली आणि कलदार

दीड वर्ष आमच्या घरात एक वाद धुमसत होता. तो सासू-सुनेचा नव्हता आणि नवरा-बायकोचा म्हणावा तर तसाही नव्हता. तो प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांचा होता. त्यांतला एक माझ्या पाकिटात राही, दुसरा हिच्या पर्समध्ये. दोन्हींवर सोनेरी अक्षरांत नावे कोरलेली. माझे नाव एवढ्या दिमाखात माझ्या कादंबऱ्यांवरही कोणी छापलेले नाही.

हे तुकडे आमच्या घरात आणले माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. शाळेत असताना त्याला टक्केवारीचे गणित कधी आले नाही. आता तो टक्केवारीवरच पोट भरतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या तो गळ्यात पट्टा अडकवून शिक्षक-खोलीत आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, कार्डं दोन प्रकारची आहेत. एकात खर्चाचे पैसे थोडे परत मिळतात, त्याला कॅशबॅक म्हणतात. दुसऱ्यात पॉइंट जमतात आणि त्यावर विमानाचं तिकीट निघतं."

विमान हा शब्द त्याने उच्चारला आणि मी गारद झालो.

त्याचे कारण माझी आई. ती लातूरला धाकट्या भावाकडे असते. ऐंशीला टेकली आहे, पण आकाशात घरघर ऐकू आली की अजून पोरीसारखी अंगणात धावते. लातूरला धावपट्टी आहे. परंतु तिकीट काढून बसावे असे विमान तिथे कधीकाळी येऊन गेले असेल तेवढेच. नांदेडचे नशीब थोडे बरे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्या निमित्ताने इथला विमानतळ सजला. पुढे २७ एप्रिल २०१७ रोजी सरकारच्या 'उडान' योजनेतली देशातली जी पहिली विमाने निघाली, त्यांत हैदराबाद-नांदेड हेही एक होते. त्या दिवशी आईने लातूरहून फोन करून विचारले होते, "नांदेडाहून हैद्राबादला इमान निघालं म्हणं?" ती सेवा काही वर्षांनी बंद पडली. नंतर दुसरी आली. नांदेडच्या विमानाचे हे असे मृगाच्या पावसासारखे आहे. आले तर आले. आईच्या मनात मात्र ते एकदा आले ते तिथेच उतरून राहिले.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. दोन-तीन कादंबऱ्यांच्या पुण्याईवर एका खाजगी शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवतो. आमची ही औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहिते. तेव्हा घरात स्वप्नाचे खाते माझ्याकडे आणि जमाखर्चाचे तिच्याकडे, ही वाटणी जुनीच आहे. मी पॉइंटांचे कार्ड घेतले, तिने कॅशबॅकचे.

उधारी आपल्याला नवी नाही. अमेरिकेत 'डायनर्स क्लब'चे कार्ड १९५० साली निघाले, आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली पहिले क्रेडिट कार्ड काढले. पण वजिराबादेतल्या आमच्या किराणावाल्याची लाल वही या सर्वांच्या आधीची. वहीवाला उधार देई, वर दिवाळीला पेढ्याचा पुडाही देई. फरक एवढाच, की जास्त उधारी करा, म्हणजे जास्त पेढे देतो, असे तो कधी म्हणाला नाही.

हिचा हिशेब पहिल्याच वर्षी पुरा झाला. तिने तो दुकानाच्या कच्च्या पावतीच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे ठेवला. कार्डावर वर्षात झालेला खर्च ८०,००० रुपये. त्यांतले ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे २०,०००, त्यावर पाच टक्के म्हणजे १,०००. उरलेल्या ६०,००० वर एक टक्का म्हणजे ६००. एकूण १,६०० परत. कार्डाची वर्षाची फी ९९९ आणि तिच्यावर अठरा टक्के कर, मिळून १,१७९. हाती राहिले ४२१.

"यात मिक्सरचं एक भांडं आहे," ती म्हणाली. "ते पाच टक्क्यांच्या मोहानं घेतलं, एरवी घेतलं नसतं. ते वजा कर."

मी ते वजा केले नाही. एवढी सचोटी संसारात परवडत नाही.

मला खटकले ते वेगळेच. हे ४२१ रुपये कोणी पाहिलेच नाहीत. ते बिलातल्या बिलात वळते झाले. डाळीत गेले की साबणात, कोणास ठाऊक. शिवाय आपल्यासारख्यांचा खरा खर्च जिथे होतो, तिथे ही कार्डे बहुधा हात आखडतात. शाळा-क्लासची फी, घरभाडे, पेट्रोल, विमा, सोने यांवर पुष्कळ कार्डे काहीच देत नाहीत. लातूरला भावाचा मुलगा डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जातो. त्याच्या फीवर पॉइंट मिळाले असते तर आई एव्हाना चंद्रावर जाऊन आली असती. आमचा किराणावालासुद्धा क्यूआरची पाटी दाखवतो. पण तिच्यावर बँकेच्या खात्यातलेच पैसे जातात, क्रेडिट कार्डाचे जात नाहीत. २०२२ पासून रुपे कार्ड यूपीआयला जोडता येते, हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, वहीत लिहू का?"

माझे पॉइंट मात्र दिसत. शंभर रुपयांना दोन. बँकेच्याच संकेतस्थळावर तिकीट काढले तर एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तेच बिलातून वजा करून घेतले तर एका पॉइंटचे पंचवीस पैसे. म्हणजे प्रवासाला निघालात तर दोन टक्के, घरी बसलात तर अर्धा टक्का! घरी बसणाऱ्याचा असा दंड मी दुसरीकडे पाहिला नाही. वर, विमानतळावरच्या विश्रामकक्षात वर्षाला आठ वेळा फुकट प्रवेश. त्या आठांतला एकही मी वापरला नाही. माझा विश्रामकक्ष अहमदपूरचा बस स्टँड. तिथे नांदेड-लातूर गाडी थांबते आणि भजी गरम मिळतात.

पण दर रविवारी आईचा फोन येई. आधी नातवंडांची चौकशी, मग पावसाची, आणि मग आवाज जरा उतरवून, "किती झाले रं पॉइंट?"

मी आकडा सांगे. बाराशे. अठराशे. अडीच हजार. ती शेजारणीला सांगे. हैदराबादला गेल्यावर चारमिनार आधी पाहायचा की सालारजंग, यावर दोघींचा खल होई. हा आनंद कोणत्याही बिलात छापून आला नाही, आणि हिच्या ४२१ रुपयांशी तो कसा ताडून पाहावा हे मला आजही कळलेले नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई पडली. खुब्याचे हाड मोडले. लातूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि खिडकीपाशी मी कार्ड पुढे केले. ३८,००० रुपये. त्या रात्री ते कार्ड मला देवासारखे वाटले, हे खोटे कशाला सांगू? बिल आले तेव्हा त्यात एक रकाना होता: किमान देय रक्कम, १,९०० रुपये. मी मराठीचा शिक्षक. मला 'किमान' या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता. मला वाटले, एवढे भरले की महिना निभावला. भरले आणि निवांत झालो.

पुढच्या बिलात व्याज आणि कर मिळून २,२९५ रुपये लागले होते. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. त्यावर अठरा टक्के कर. पूर्ण बिल मुदतीत भरले नाही तर हे व्याज उरलेल्या रकमेवर मुदतीनंतर नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून धरतात, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या आजोबांच्या वेळचे सावकार एवढे व्याज सांगताना निदान इकडेतिकडे पाहत असतील. आणि त्या ३८,००० वर मला पॉइंट किती मिळाले होते? ७६०.

ही काही बोलली नाही. तिची भिशी लागली होती, त्या पैशांतून तिने सगळी बाकी एकरकमी फेडली. ते पैसे दोन पाटल्यांसाठी होते. तिने मला एकच प्रश्न विचारला, "हे आईंना सांगायचं का?" आम्ही ते आईला सांगितले नाही.

थोड्याच दिवसांत बँकेची एक सूचना मोबाइलवर आली. अमुक तारखेपासून तिकिटासाठी एका पॉइंटचे मूल्य पन्नास पैसे राहील. माझे ४,३१० पॉइंट होते. काल ४,३१० रुपये, आज २,१५५. कोणी चोरी केली नाही, माझ्या हातून काही सांडलेही नाही. ज्याने नाणे पाडले त्यानेच त्याचा भाव उतरवला.

हे मात्र आईला सांगावे लागले. लातूरला गेलो होतो. ती खाटेवर बसून वाती वळत होती. पॉइंटांचा भाव निम्मा का झाला हे तिला कसे समजवावे, या विवंचनेत मी चाचरत होतो.

"काय सांगलालास!" ती म्हणाली. "मग हा हाली सिक्काच की!"

मी बघतच राहिलो. आईचे वडील गंजगोलाईत कापडाचे दुकान चालवीत. गल्ल्यात त्यांच्या दोन पेट्या असत. एकीत निजामाचे हाली रुपये, दुसरीत इंग्रजी कलदार. लातूरच्या बाजारात हाली खणखणीत चाले. पण माल आणायला बार्शी लाइटच्या गाडीने सोलापूरकडे निघाले की कलदार हवा, आणि हाली मोडायला गेले की बट्टा लागायचा. १९५० साली सात हालीला सहा कलदार असा भाव बांधून दिला गेला, आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बाद झाला. तेव्हा आई तेरा वर्षांची होती. उरलेल्या हालींची थैली घेऊन वडील सराफाकडे गेले, ते तिला अजून आठवते.

"त्यांच्या हालीत निदान चांदी होती," वाती वळता वळता ती म्हणाली. "तुझ्या पॉइंटात काय हाय?"

दीड वर्ष ज्या वादावर मी आणि ही डोके फोडत होतो, तो तिने तेवढ्यात निकालात काढला. हिचे कॅशबॅक म्हणजे कलदार: थोडा, पण कुठेही चालणारा. माझे पॉइंट म्हणजे हाली: एका राजाच्या मुलखापुरते, आणि राजाच्या मर्जीपुरते. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्या आणि वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्या घराने कलदारच घ्यावा. महिन्याची बाकी मागे ठेवणाऱ्याने दोन्ही पेट्यांकडे पाहू नये. मी आता असेच सांगतो, विशेषतः शिक्षक-खोलीत. त्या माजी विद्यार्थ्याने आमच्या शाळेत येणे कमी केले आहे.

यंदा दिवाळीला आई नांदेडला आली. एसटीने आली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट झाली, आणि पुढच्या मार्चात बायकांना अर्धे तिकीट. आईने कंडक्टरला आधार कार्ड दाखवले. त्याने शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. काठी टेकत उतरली तेव्हा ते तिकीट तिच्या मुठीत होते. फी नाही, व्याज नाही, पॉइंट नाहीत.

रात्री फराळाचे डबे भरून झाल्यावर हिने माझे कार्ड बंद करण्याचा विषय काढला. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद केले पाहिजे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये बँकेनेच द्यायचे. ही सगळे वाचून बसली होती. उरलेले पॉइंट बिलातून वळते करून घेऊ, असे तिचे म्हणणे. कात्रीही तिने जवळ ठेवली होती.

आई करंज्या मोजत होती. मान वर न करता तिने विचारले, "हैद्राबादचं तिकीट कितीला पडतं?"

मी मोबाइलवर पाहून आकडा सांगितला. पॉइंटांत ते बसत नव्हते. तरीही निम्म्याच्या वर जात होते.

"मग राहू दे तेवढे," आई म्हणाली. "बट्टा लागला तर लागू दे."

हिने माझ्याकडे पाहिले. मग कात्री उचलून शिवणाच्या डब्यात ठेवली आणि विचारले, "संक्रांतीच्या सुमाराला थंडी कमी असते ना हो तिकडे?"